शेडमधे शिरलं की काळं, बाहेर आलं की पांढरंफट्ट... एडिटमधे सावरता येईल का?

तासगावचं_पोरगं:

राम राम मंडळी. घाई नाही पण जरा अडकलोय. मामाची बेदाण्याची शेड आहे सावळज साईडला, तिच्यावर यूट्यूबसाठी व्हिडिओ करतोय, म्हणजे बागेतनं माल काढण्यापासून, क्रेट शेडवर येणं, डिपिंगच्या टाकीत (लवकर वाळावं म्हणून डिपिंग ऑइलच्या पाण्यात) बुडवणं, जाळीवर पसरणं, वाळल्यावर झाडणं, निवडणं ते पार पेट्या भरेपर्यंत सगळं. शूट मावसभावानं केलंय, थोडं मोबाईलला गिंबल लावून आणि थोडं मिररलेसवर, सोबत जी किट लेन्स येते तीच लावून. फ्रेम वगैरे एक नंबर आहेत गड्याच्या पण उजेडाचा पार बोऱ्या वाजलाय.

एक म्हणजे बागेतनं चालत शेडमधे शिरतानाचा सलग शॉट आहे. बाहेर मार्चमधलं दुपारचं ऊन आणि आत हिरवी शेडनेट, त्यामुळे दारातनं आत पाय टाकला की सगळं काळंकुट्ट, मग मोबाईल हळूहळू जागा होतो आणि उजेड वाढवतो, तोपर्यंत कलर पण हिरवट होऊन बसतो. दुसरं, मामा दाराकडं पाठ करून बोलतोय, तोंड काळं आणि मागं बाग आहे का भिंत आहे तेच कळत नाही एवढं पांढरं. तिसरं, मिररलेसवर जाळीवरच्या मण्यांवर झूम केलाय तर झूम जाईल तसा व्हिडिओ आपोआप डार्क होत जातो, भाऊ म्हणतो सगळं मॅन्युअलवर होतं मी काय हात लावला नाही. आणि चौथं, पेट्या भरायच्या खोलीत ट्यूबलाईट आहेत तिथं काळे पट्टे वर सरकत राहतात.

रिझॉल्व्ह म्हणून एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं फ्री व्हर्जन वापरतो, लॅपटॉप जुना आहे. ब्राइटनेस वाढवून बघितला तर सगळं ताकासारखं पांढुरकं दिसायला लागलं. परत शूट होणार नाही, सीझन संपलाय, जाळ्या गुंडाळून ठेवल्यात. यातलं काय वाचण्यासारखं आहे आणि काय सोडून द्यायचं ते सांगा.

कराड_एडिट_टेबल:

मी लग्नं आणि शाळांची गॅदरिंग एडिट करते, त्यामुळे असला माल रोज येतो टेबलवर. आधी एक कर, स्क्रीन बघून ठरवू नकोस. कलर पेजवर जा आणि वेव्हफॉर्म उघड, म्हणजे फ्रेममधे कुठं किती उजेड आहे ते दाखवणारा आलेख. खाली ० आणि वर १०२३ असा स्केल दिसेल. मामाच्या शॉटमधे दाराच्या जागी वरती १०२३ ला चिकटून एक सपाट रेघ आली असेल तर ती बाग गेली, मोबाईलनं तिथं काही रेकॉर्डच केलेलं नाही. गेन (उजळ भागाचा कंट्रोल) कमी करून बघ, बाग परत येणार नाही, पांढऱ्याचं नुसतं राखाडी होईल आणि ते पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतं, दारात पत्रा लावल्यासारखं. रेघ वरती असूनही जर तिच्यात खालीवर लहरी दिसत असतील तर मात्र तिथं माल शिल्लक आहे, तो खाली आणता येतो.

अंडर गेलेलं थोडंफार वाचतं, ओव्हर गेलेलं वाचत नाही एवढं धरून चाल. त्यातही मोबाईलचं फुटेज बहुतेक ८ बिटचं असतं, म्हणजे एका रंगाच्या २५६ च पायऱ्या, त्यातल्या अंधाराच्या वाट्याला आलेल्या थोड्या पायऱ्या तू ताणून मोठ्या करणार, मग नॉईज (दाणेदारपणा) दिसतो आणि भिंतीवर कलरचे पट्टे पडतात. तुझं जे पांढुरकं झालं ते लिफ्ट (काळ्या भागाचा कंट्रोल) वाढल्यामुळं असणार, काळं पण वर उचललं गेलं. लिफ्टला हात लावू नकोस, गॅमा (मधल्या उजेडाचा कंट्रोल) वाढव आणि शेवटी लिफ्ट उलटा एक केसभर खाली घे. काळं काळंच राहिलं की डोळ्याला बाकीचं आपोआप उजळ वाटतं.

मामाच्या शॉटला अख्खी फ्रेम उजळू नको. नवीन नोड (दुरुस्तीची एक वेगळी पायरी) घे, तोंडावर गोल पॉवर विंडो टाक म्हणजे दुरुस्ती तेवढ्याच भागाला लागेल, सॉफ्टनेस भरपूर ठेव म्हणजे कड दिसणार नाही, ट्रॅकर चालव म्हणजे विंडो तोंडामागं फिरेल, आणि त्या विंडोच्या आतच गॅमा वाढव. ट्रॅकर फ्री व्हर्जनमधे चालतो. माणूस आपोआप निवडणारा मॅजिक मास्क मागशील तर तो पैशेवाल्या व्हर्जनमधे आहे, त्याची इथं गरज पण नाही. तोंड अगदी उन्हातल्यासारखं करू नकोस, माणूस दारात पाठमोऱ्या उजेडात उभा आहे हे कळलंच पाहिजे, नाहीतर कुणीतरी टॉर्च मारल्यासारखं दिसतं.

दारातनं शिरायच्या शॉटचं म्हणशील तर मी तो सरळ कापला असता. दाराशी कट, आत उजेड स्थिर झाल्यावर पुढचा शॉट चालू, मधे मण्यांचा किंवा हाताचा एक क्लोजअप. तासभर कीफ्रेमशी (कुठल्या फ्रेमला किती उजेड ते नेमून देणाऱ्या खुणांशी) झगडण्यापेक्षा बरं.

पेठेतला_पंक्या:

भावा ताईंनी सांगितलं तेच सोप्यात सांगतो, बेदाण्याचं परत द्राक्ष होत नाही 😂 ओव्हर गेलं ते गेलं.

सातारा_सिनेवाला:

कराडच्या ताईंचं बाकी सगळं मान्य, पण दारातला शॉट कापायचा हे पटलं नाही. आख्ख्या व्हिडिओत तोच शॉट आहे ज्यात बघणाऱ्याला कळतं की बाहेर किती ऊन आहे आणि आत किती गारवा आहे. उन्हातनं आत गेल्यावर आपल्याला पण क्षणभर दिसत नाहीच की. कास पठाराच्या वाटेवर झाडीतनं एकदम मोकळ्यावर गाडी निघते तसले शॉट आमच्याकडं ढिगानं असतात, सगळेच कापायला लागलो तर व्हिडिओत राहणार काय. तेव्हा अंधार घालवायचा नाही, मोबाईलची चलबिचल तेवढी घालवायची. हे दोन वेगळे प्रकार आहेत.

कसं ते सांगतो. पहिल्या नोडमधे फक्त उजेड, दुसऱ्यात फक्त कलर, मिसळू नको. पहिल्या नोडवर राइट क्लिक करून गॅमा लिनियर कर (हे नोडचं सेटिंग, ताईंनी सांगितलेला गॅमाचा कंट्रोल नव्हे), मग त्या नोडचा गेन कॅमेऱ्याच्या स्टॉपसारखा वागतो, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, २ केलं की एक स्टॉप वर, ०.५ केलं की एक स्टॉप खाली, आणि काळं फारसं उचललं जात नाही. आता कीफ्रेम पॅनेलमधे त्या नोडला डायनॅमिक कीफ्रेम टाकायच्या. स्टॅटिक नको, त्या झटक्यात बदलतात. मोबाईलनं उजेड वाढवायला सुरुवात केली ती फ्रेम शोध, तिथं एक. जिथं थांबला तिथं दुसरी. मोबाईल जेवढा वर गेला तेवढं आपण त्याच वेळात खाली यायचं, पण पूर्ण नाही. साधारण निम्मं मारायचं म्हणजे आत शिरल्यावर हळूहळू डोळा सरावल्यासारखं वाटतं. अंधार झाला त्या पहिल्या क्षणात थोडंसं वर उचल, फार नाही.

उजेड बरोबर झाला का हे शेडच्या भिंतीवर किंवा जाळीवर ठरवू नको, एखादा माणूस धर. पाटी घेऊन पुढं चाललेली कामगार बाई असेल तर तिचं तोंड वेव्हफॉर्मवर कुठं येतंय ते बघ आणि तेच पूर्ण शॉटभर एका पट्टीत ठेव. बाकी फ्रेम खालीवर झाली तरी लोकांच्या लक्षात येत नाही, तोंड खालीवर झालेलं शेंबड्या पोरालाही कळतं.

तासगावचं_पोरगं:

@कराड_एडिट_टेबल ताई वेव्हफॉर्म बघितलं, मामाच्या शॉटमधे वरती सपाट रेघच आहे, म्हणजे बाग गेली. विंडो टाकून तोंड मात्र लय भारी निघालं, मामाच्या मिशा दिसायला लागल्या.

@सातारा_सिनेवाला दादा तुमचं केलं, पण दोन कीफ्रेमच्या मधे उजेड लाटेसारखा खालीवर होतोय. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, मधेच एकदा उजळतं आणि परत पडतं. काय चुकतंय?

सातारा_सिनेवाला:

चुकत काही नाही, मोबाईल सरळ रेषेत उजेड वाढवत नाही एवढंच. आधी थांबतो, मग भसकन वाढवतो, मग शेवटी हळू होतो. तू मधे सरळ उतार दिलास त्यामुळे दोघांचं जुळत नाही. वेव्हफॉर्मवर नजर ठेवून एक एक फ्रेम पुढं जा, जिथं एकदम उडी दिसेल तिथं आणखी एक कीफ्रेम, आणि वेग कमी होतो तिथं एक. बास, जास्त टाकू नको, प्रत्येक फ्रेमला कीफ्रेम टाकायला गेलास तर लाट जाऊन थरथर सुरू होईल. आणि कीफ्रेम टाकायच्या आधी एक स्टिल (एका फ्रेमचा फोटो) ग्रॅब करून ठेव, आतला उजेड स्थिर झालेल्या जागेचं, मग वाइप लावून अर्धी फ्रेम स्टिलची आणि अर्धी चालू अशी तुलना करत जा. नजर फसवते, पाच मिनिटं बघत बसलं की काहीही बरोबर वाटायला लागतं.

कराड_एडिट_टेबल:

दादा शॉट ठेवायचा तुमचा मुद्दा मला अर्धा पटला. पण मग शॉट ठेवायचाच तर आवाज आधी आत न्यायचा. दाराच्या दोनतीन पावलं आधीच शेडमधला आवाज सुरू कर, बायकांचं बोलणं, क्रेट आपटल्याचा आवाज, बाहेरचा वारा हळूहळू कमी. कानाला आत गेल्यासारखं आधीच वाटलं की डोळ्याला अंधार खटकत नाही. लग्नात मांडवातनं हॉलमधे शिरताना सनईचा आवाज मी असाच पुढं ओढते, नवरीकडच्या कुणीही आजवर उजेडाची तक्रार केली नाही.

विश्रामबाग_लेन्स:

झूमचं कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. तुझ्या भावाचं बरोबर आहे, त्यानं हात लावलेला नाही, लेन्सनंच केलंय. किट लेन्सवर एफ ३.५-५.६ असं छापलेलं असतं बघ, ते ॲपर्चरचे म्हणजे लेन्सच्या भोकाचे आकडे, आकडा लहान तेवढं भोक मोठं. वाइडला ३.५ पर्यंत उघडते, पूर्ण झूमला ५.६ च्या पुढं उघडतच नाही. मॅन्युअलवर ३.५ लावून झूम केला की ॲपर्चर आपोआप बंद होत जातं आणि उजेड सव्वा ते दीड स्टॉपनं पडतो, म्हणजे सुरुवातीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास राहतो. ऑटोवर असता तर कॅमेऱ्यानं आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवून झाकलं असतं, मॅन्युअलवर होता म्हणूनच उघडं पडलं.

दुरुस्ती मात्र या चौघांत हीच सगळ्यात सोपी, कारण किती पडलाय ते आकड्यात माहिती आहे. वर दादांनी सांगितलं तसा लिनियर नोड घे, झूम सुरू होतो तिथं गेन १, संपतो तिथं साधारण अडीच, आणि मधे वेव्हफॉर्म बघून जुळव, काही लेन्समधे उजेड टप्प्याटप्प्यानं पडतो तिथं एकदोन कीफ्रेम जास्त लागतील. मणी अंधारात असतील तर शेवटी थोडा नॉईज येईल, चालतंय, मण्यावर कोण नॉईज बघतंय. पुढच्या वेळी भावाला सांग, झूम करायचाच असेल तर पहिल्यापासून ५.६ वरच ठेव, मग काय हलत नाही.

हातनोलीचा_बंड्या:

एवढं सगळं करण्यापेक्षा मामालाच ३५ मिमी प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेऊन द्यायला सांग की, यंदा भाव बरा होता म्हणतात 😜

तासगावचं_पोरगं:

@हातनोलीचा_बंड्या मामा म्हणतो पहिलं डिपिंग ऑइलचं बिल भर मग लेन्स माग.

झूमचं अडीचनं जवळपास बरोबर बसलं, शेवटी २.३ ला थांबलो. दाराचा शॉट पण आता बघण्यासारखा झाला आणि ताईंचं आवाजाचं करून बघितलं तर खरंच अंधार तेवढा वाटत नाही. आता ट्यूबचे पट्टे राहिले. डीफ्लिकर म्हणून इफेक्ट आहे तो टाकला तर वॉटरमार्क येतोय.

विश्रामबाग_लेन्स:

डीफ्लिकर पैशेवाल्या स्टुडिओ व्हर्जनचा आहे, म्हणून वॉटरमार्क. फ्रीमधे एक जुगाड आहे पण आधी कारण समजून घे, नाहीतर आंधळेपणानं करशील.

आपली लाईट ५० हर्ट्झची, जुनी चोकवाली ट्यूब किंवा स्वस्तातली एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममधे पूर्ण चक्र मावतं आणि पट्टा दिसत नाही. त्या खोलीत खिडकीतनं ऊन येत असणार, म्हणून मोबाईलनं शटर बरंच फास्ट केलं, चक्राचा तुकडाच पकडला, आणि सेन्सर वरनं खाली ओळीओळीनं वाचतो म्हणून कुठली ओळ उजळ, कुठली काळी. आता मोबाईल ३० फ्रेमवर होता ना? १०० भागिले ३० म्हणजे एका फ्रेमला ३ चक्रं आणि वर एक तृतीयांश. तो एक तृतीयांश उरतो म्हणून पट्टा प्रत्येक फ्रेमला तेवढा सरकतो आणि तीन फ्रेमनी परत जागेवर येतो. २५ वर शूट केलं असतं तर ४ चक्रं पूर्ण बसतात, पट्टे तिथंच उभे राहिले असते, सरकले नसते.

जुगाड असा, तीच क्लिप एकावर एक तीन ट्रॅकवर ठेव. मधली एक फ्रेम पुढं सरकव, वरची दोन फ्रेम. खालची ओपॅसिटी १०० राहू दे, मधली ५०, वरची ३३. असं केलं की तिन्ही फ्रेमचा सारखाच वाटा पडतो आणि पट्टे बहुतेक पुसले जातात. तोटा हा की हलणाऱ्या गोष्टीला सावल्या येतात, पेटी उचलणारा हात तीन तीन दिसेल. पेट्यांचा स्थिर शॉट असेल तिथं मस्त चालतं, गडबडीच्या शॉटला नको. टाइमलाइन पण ३० चीच ठेव, २५ च्या टाइमलाइनवर हे गणित बसणार नाही. आणि कलर करायच्या आधी कर.

मोबाईलचं फुटेज असल्यामुळं अजून एक, बऱ्याच मोबाईलमधे फ्रेमरेट मधेमधे हलतो, तसं असेल तर तीनचं गणित पण हलेल. हँडब्रेक सॉफ्टवेअरमधनं कॉन्स्टंट (कायम एकच) फ्रेमरेट करून घे आणि मग सुरू कर. जुना लॅपटॉप आहे म्हणतोस तर प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या कॉपी) पण बनव, तीन ट्रॅकवर तो रडेल.

मिरज_स्वरमंडळ:

विषय निघालाय म्हणून मला पण कामाला आलं, आमच्याकडं मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत सतारीच्या कारखान्याचं शूट केलं होतं, तिथं पण हेच ट्यूबचे पट्टे. तीन ट्रॅकचं करून बघतो. लाकूड घासणारा हात मात्र सतत चालू आहे, तिथं काय करावं?

विश्रामबाग_लेन्स:

हाताला नाही जमायचं. तिथं तीन ट्रॅकचा परिणाम फक्त मागच्या भिंतीवर ठेव, म्हणजे वरच्या दोन क्लिपवर मास्क मारून हात आणि वाद्य वगळ. भिंतीवरचे पट्टे गेले की हातावरचे जाणवत नाहीत.

तासगावचं_पोरगं:

पट्टे गेले राव!! पेट्यांचे दोन शॉट एकदम स्वच्छ. एक हलता होता तो टाकून दिला.

आता शेवटचं. शेडमधलं हिरवं. टेंपरेचर टिंट फिरवून हिरवा काढला तर मामा मागं उभा होता, तो ओरडला की अरे माल पिवळा दिसतोय, व्यापारी व्हिडिओ बघून म्हणतील पिवळा पडलाय. हिरव्या मालाला भाव जास्त असतो त्यामुळे त्याला काय पिवळा चालेना. आणि हिरवा ठेवला तर माणसांची तोंडं आजाऱ्यासारखी दिसतात.

कराड_एडिट_टेबल:

मामांचं बरोबर आहे आणि हे उजेडापेक्षा महत्त्वाचं आहे. कपड्यांच्या दुकानाचं काम करताना मला पण हेच भोगावं लागतं, साडीचा रंग आपण सुंदर केला आणि गिऱ्हाईक दुकानात जाऊन भांडलं असं नको. तोंड आणि माल वेगळे हाताळ. आधी पूर्ण फ्रेमचा हिरवा अर्धाच काढ. मग तोंडाला विंडो टाकून तिथं टिंट थोडा गुलाबीकडं ने. मालाच्या क्लोजअपला मात्र वेगळा ग्रेड (कलरची सेटिंग), दारातल्या शॉटचा ग्रेड कॉपी करून चिकटवू नकोस. आणि सॅच्युरेशन वाढवून हिरवा मुद्दाम चढवायचा मोह होईल, तो पण नको.

सातारा_सिनेवाला:

मामा गांधी टोपी घालतात का? घालत असतील तर शेडमधे असताना टोपीवर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर मार, पांढरं तेवढंच खात्रीचं आहे तिथं. दाराकडनं उजेड येतो त्या बाजूची टोपी घेऊ नको, ती ओव्हर गेलेली असेल आणि ड्रॉपर भलतंच सांगेल, कपाळाजवळची सावलीतली घडी घे.

तासगावचं_पोरगं:

टोपी आहे. पण मालाचा खरा कलर कुठला हे आता कसं ठरवू, शेड रिकामी आहे.

विश्रामबाग_लेन्स:

शेड रिकामी असली तरी माल कोल्ड स्टोरेजला असेल ना. त्याच लॉटमधला मूठभर बेदाणा आण, सकाळी घराच्या सावलीच्या बाजूला ओट्यावर पांढऱ्या कागदावर ठेव, ऊन थेट नको, आणि त्याच मिररलेसनं फोटो काढ. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नको, त्याच कागदावर कस्टम सेट कर. कागद पांढरा म्हणून कॅमेरा फोटो डार्क काढेल, एक स्टॉप वर घे. तो फोटो टाइमलाइनवर टाकून स्टिल ग्रॅब कर आणि क्लोजअप त्याच्याशी वाइप लावून जुळव. कोल्ड स्टोरेजमधनं काढल्या काढल्या फोटो काढू नको मात्र, मण्यांवर दमट धरतं आणि चकाकी येते, तासभर उघडा ठेव आणि मग काढ.